दिवसाचा टीव्ही, रात्रीचा टीव्ही

४ जानेवारी, रविवार

नवा टीव्ही लागला. त्रेचाळीस इंची. वैशालीने नगरच्या सावेडीहून पाठवला. जुन्यावर आडव्या रेघा यायच्या, त्या मी चार महिने सहन केल्या, तिला दिवाळीत दोन तासही सहन झाल्या नाहीत. लेक आहे, चालायचंच.

बसवणारा म्हणाला, "काका, खिडकीसमोर नका लावू." म्हटलं, दुसरी भिंत दाखव. एकीवर देव, एकीला कपाट, एकीत दार. लावला खिडकीसमोरच.

सकाळी चित्र झकास. चार वाजता ऊन आत आलं आणि टीव्हीत खिडकी, खिडकीत लिंब, लिंबाखाली मी. बातम्या देणारी बाई माझ्या बनियनमध्ये बसून बोलत होती. सुमन म्हणाली, "अहो, पडदा ओढा की." चित्र बघायला अंधार करायचा? सबंध आयुष्य उन्हात उभं राहून रंगकाम केलं. मार्ग काढू.

५ जाने., सोमवार

वैशालीने फोनवर मेनू समजावला. "अप्पा, दिवसा उजेड वाढवायचा, रात्री कमी करायचा. एवढंच."

एवढंच नाहीये ते. आत अख्खं रंगाचं दुकान आहे. बॅकलाइट, ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, कलर. शिवाय कलर टोन म्हणून एक, त्यात वॉर्म म्हणजे पिवळट, कूल म्हणजे निळसर. चाळीस वर्षं देवळालीत दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, निवडणुकीच्या भिंती रंगवल्या. हे मला नाही जमणार तर कोणाला?

वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने पाडले.

दिवस: बॅकलाइट १००, कॉन्ट्रास्ट ९०, कलर ६०.
रात्र: बॅकलाइट ४०, कॉन्ट्रास्ट ७५, कलर ५०.

सुमनला वाचून दाखवलं. म्हणाली, "आणि मीठ किती?"

७ जाने., बुधवार

शेजारचे बरकू नाना मॅच बघायला आले. त्यांचा ऊस तुटून गेलाय, आता माणूस मोकळा. "लई झ्याक दिसतंय पेंटर. बॉलची शिवन दिसतीया."

दिसते, पण पिवळट दिसते. खेळाडूंचे पांढरे कपडे चहात बुडवून काढल्यासारखे. एवढा नवा टीव्ही आणि पांढरा पांढरा नाही. टोन तीन घरं कूलकडे सरकवला. आता बरं आहे. रकान्यात नोंद केली.

९ जाने., शुक्रवार

कोल्हारजवळच्या शाळेचं काम सुरू. बाहेरची लांब भिंत, त्यावर प्रवरा नदी, काठची झाडं, पक्षी. मुख्याध्यापिका पठारे बाई. बाईंना फ्लेक्स नको होता, "हातचं पाहिजे" म्हणाल्या. असं म्हणणारं माणूस किती दिवसांनी भेटलं! मन लावून करायचं. आता अशी भिंत परत मिळेल न मिळेल.

आज नदी आणि बगळा. आमच्या उस्तादांची शिकवण होती की पांढऱ्यात निळ्याचा एक थेंब टाकायचा, मग पांढरा उठतो. आज एका थेंबाने काही होईना. डब्यातूनच पिवळट. दुकानदाराशी भांडलो, दुसरा डबा आणला, तोही तसाच. शेवटी सात-आठ थेंब टाकले तेव्हा कुठे बगळा बगळ्यासारखा झाला.

परतताना समोरच्या गाड्यांचे लाइट सगळे मोठे. लोकांना डिपर म्हणून काही असतं हे माहीतच नाही. लाइटभोवती फुलबाजीसारखं उडतं. गाडी दोनदा बाजूला घेतली.

१२ जाने., सोमवार

टीव्हीत काहीतरी दोष आहे. टोन मी कूलवर ठेवतो, कामावरून येतो तर परत मधे. तिसऱ्यांदा झालं. सुमनला विचारलं. "मला काय कळतं त्यातलं?" आणि भाजी निवडायला लागली.

वैशालीला कळवलं. म्हणाली, "अप्पा, असं आपोआप होत नाही." मग भुतं करतात का?

१४ जाने., बुधवार. संक्रांत

तिळगूळ घेऊन गोड बोलायचा दिवस, आणि आम्ही सकाळीच कपड्यांवरून. सणाचा पांढरा शर्ट काढला तर पिवळा. सुमनला म्हटलं, नीळ टाकायची बंद केलीस का? ती शर्ट घेऊन अंगणात उन्हात गेली, उलटा केला, सुलटा केला. "पांढराशुभ्र आहे."

"पिवळा आहे."

"मग धुवा तुम्ही."

दुपारी पोळ्या एकदम खुसखुशीत होत्या, म्हणून भांडण पुढे नेलं नाही. शर्ट घातला. पिवळाच होता.

१८ जाने., रविवार

संध्याकाळी बरकू नाना बातम्यांना आले. जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "पेंटर, ह्या बाईला थंडी वाजतीया का? व्हट निळं पडल्यात."

म्हटलं, नाना, ही रात्रीची सेटिंग आहे. डोळ्याला गार.

"गार न्हाई वं, पार गारठलीया. दवाखान्यात न्या तिला."

सुमन पदर तोंडाला लावून आत गेली. आतून बराच वेळ हसण्याचा आवाज. चाळीस वर्षं रंगात काढली, आणि मला रंग शिकवतात एक ऊसवाला आणि एक… जाऊ दे.

२० जाने., मंगळवार

भिंत निम्मी झाली. मधल्या सुट्टीत तिसरीतली एक मुलगी डबा खात समोर उभी राहिली.

"काका, हा कुठला पक्षी?"

"बगळा."

"मग निळा का?"

म्हटलं, पाण्याची छाया पडते अंगावर. तिने मान हलवली, पण तिला पटलं नाही हे मला दिसलं. पठारे बाई तिथंच होत्या. "छान आहे हो, छान आहे," दोनदा म्हणाल्या. माणूस दोनदा छान म्हणतं तेव्हा…

२२ जाने., गुरुवार

आज जे झालं ते लिहायला घेतो आणि थांबतो. तरी लिहितो.

माप घ्यायचं तर आम्ही ब्रश हातभर लांब धरतो, डावा डोळा मिटतो आणि उजव्याने बघतो. पहिल्या दिवसापासूनची सवय. आज उजव्या डोळ्यात चिलट गेलं. चोळून लाल झाला, पाणी थांबेना. म्हणून उजवा मिटला आणि डाव्याने बगळा बघितला.

निळा. कपड्याच्या निळीत बुडवून काढल्यासारखा.

उजवा उघडला, डावा मिटला. पांढरा. परत डावा. निळा. असं पाच-सहा वेळा केलं. रखवालदार बघत होता, त्याला वाटलं असेल, पेंटर बगळ्याला डोळा मारतोय.

डबा उघडून ताजा पांढरा बघितला. उजव्याने पिवळा, डाव्याने पांढरा. डबा पहिल्यापासून बरोबर होता. दुकानदाराशी उगाच भांडलो.

काम थांबवलं. बाईंना सांगितलं, अंग दुखतंय.

२५ जाने., रविवार. रथसप्तमी

कोणाला सांगितलं नाही अजून. सुमन हळदीकुंकवाला गेली. मी टीव्हीसमोर बसलो. भर दुपारी पडदा ओढला, आयुष्यात पहिल्यांदा. एकेक डोळा मिटून बघितलं. डाव्याने ती बातम्यांची बाई खरंच गारठलेली. बरकू नाना बरोबर होते.

टोन मधल्या घरावर आणला. डाव्याला छान. उजव्याला जुन्या फोटोसारखी पिवळी.

मला भीती टीव्हीची नाही. हातात अजून कंप नाही, शिडीवर चढतो, दोरी न मारता सरळ अक्षर पाडतो. पण पेंटरला पांढरा दिसत नाही म्हटल्यावर उरलं काय? कोणाला कळलं तर काम कोण देणार? आणि ज्या पाट्या गेल्या दोन-तीन वर्षांत केल्या त्या…

सुमन वाण घेऊन आली. प्लॅस्टिकचे डबे. "कोणता रंग आहे सांगा बरं," म्हणाली. सहज म्हणाली की मुद्दाम, कळेना. म्हटलं, डब्याचा रंग काय बघायचा, झाकण बसतं का बघ.

२८ जाने., बुधवार

सांगून टाकलं.

रात्रीचं जेवण झालं, टीव्ही चालू. मालिकेतला नवरा पांढऱ्या सदऱ्यात होता. विचारलं, "सुमन, याचा सदरा कोणत्या रंगाचा?"

"पांढरा."

"मी लावलेल्या सेटिंगवर?"

तिने रिमोट हातात घेतला. मग म्हणाली, "निळा असतो. म्हणून तर मी रोज मधे आणून ठेवते. तुम्ही गेलात की."

म्हणजे भूत घरातलंच! वैशालीने तिला फोनवर शिकवलं होतं. आई-लेक दोघी मिळून. मी म्हटलं, आणि मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "सांगितलं असतं तर ऐकलं असतं? शर्टाचं सांगितलं, ऐकलंत?"

मग चिलटापासून सगळं सांगितलं. ती हसली नाही. रिमोट बाजूला ठेवला, माझी हनुवटी धरून तोंड दिव्याकडे केलं आणि उजव्या डोळ्यात बघत राहिली. "करडं दिसतंय आत," म्हणाली. "मला वाटायचं वयामुळे."

फार दिवसांनी एवढ्या जवळून बघितलं असेल तिने मला. मलाही बरं वाटलं. लगेच वैशालीला फोन लावला. ती म्हणाली, "अप्पा, पुढच्या बुधवारी नगरला यायचं. मी नंबर लावून ठेवते." आधीच ठरवल्यासारखी बोलत होती.

४ फेब्रुवारी, बुधवार. सावेडी

डॉक्टरीण बाई तरुण, वैशालीपेक्षा लहानच. डोळ्यात थेंब टाकून तासभर बसवलं. मग यंत्राला हनुवटी लावून बघितलं.

"मोतीबिंदू आहे, आजोबा. उजवा चांगलाच पिकलाय. डावाही त्याच वाटेवर आहे, पण मागे आहे."

विचारलं, मी पेंटर आहे, रंग दिसतील का परत? ती हसली. "दिसतील. बघून घाबरू नका म्हणजे झालं."

रिक्षात बसल्यावर सुमन म्हणाली, "आजोबा म्हणाली तुम्हाला." एवढ्या सगळ्यातून हिने तेवढंच उचललं.

ऑपरेशन १७ तारखेला. पठारे बाईंना फोन करून खरं ते सांगितलं. घाम फुटला होता. त्या म्हणाल्या, "भिंत कुठं जात नाही. डोळा नीट करून या." एवढं सोपं होतं तर मी दोन आठवडे जीव कशाला जाळला?

१६ फेब्रु., सोमवार

बरकू नाना धीर द्यायला आले. "काय न्हाई हुत. माझ्या साडूचं झालं. पंधरा मिन्टं. भाईर आला आन् बायकूला म्हनला, तू कोन?"

सुमनने त्यांना चहा अर्धाच दिला.

१८ फेब्रु., बुधवार. सावेडी

काल झालं. दुखलं नाही. आत निळे-गुलाबी उजेड पोहत होते, छान होतं ते, पण कोणाला सांगून पटणार नाही.

सकाळी पट्टी काढली.

भिंत. दवाखान्याची साधी भिंत. पांढरी. इतकी पांढरी की मी बोट लावून बघितलं. डॉक्टरीण बाईंनी विचारलं, किती बोटं? मी म्हटलं, दोन, आणि तुमच्या नखाला फिकट गुलाबी रंग आहे.

सुमन दारात उभी होती. तिची साडी मी काळी समजत होतो, ती गर्द निळी आहे. तिचे केस मला करडे वाटायचे, ते चांदीसारखे आहेत. डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या, बऱ्याच, बारीक, ब्रश सुकत आल्यावर उमटतात तशा रेघा. बघत राहिलो. ती म्हणाली, "काय झालं? दिसत नाही का?"

म्हटलं, दिसतंय.

"मग रडू नका, टाके नाहीत तरी ताण येतो." तीच रडत होती.

२० फेब्रु., शुक्रवार. घरी

काळा चष्मा, दिवसातून सहा वेळा थेंब, खाली वाकायचं नाही, धूळ नाही, टर्पेंटाइन नाही, महिनाभर.

कपाट उघडलं. माझा राखाडी शर्ट जांभळा आहे. चांगला वांग्यासारखा जांभळा. तो घालून लग्नांना गेलोय, एकदा तहसील कचेरीतही. सुमनला विचारलं, बोलली का नाहीस? "मला वाटलं, आवडतो तुम्हाला. म्हटलं, पेंटर माणूस, असेल हौस."

टीव्ही थोडा वेळ चालेल, असं डॉक्टरीण बाई म्हणाल्यात. रात्रीच्या सेटिंगवर लावला, तरी उजव्या डोळ्याला लखलखीत. बॅकलाइट २५ केला. वहीतले जुने दोन्ही रकाने खोडले. आता दिवस-रात्र राहिलं बाजूला, आधी ठरवायचं कोणत्या डोळ्याने बघायचं. उजव्याने सगळं धुतल्यासारखं, डाव्याने त्याच माणसावर हळदीचा हात फिरवल्यासारखा. दोन्ही उघडले की मधलं काहीतरी. सुमनला म्हटलं, तूच लाव. तिने दोन मिनिटांत लावला. बरोबर लावला. सेटिंग सांगत नाही म्हणते.

२ मार्च, सोमवार

नुसता बघायला म्हणून शाळेत गेलो. वैशाली गाडीने घेऊन गेली.

भिंत लांबूनच दिसली. नदी बरी आहे, थोडी जास्त निळी. झाडं चांगली. आणि मधोमध तो. निळाशार. पंख, मान, सगळं निळं, चोच तेवढी पिवळी, एका पायावर ऐटीत उभा. वैशालीने तोंड फिरवलं. खांदे हलत होते. मग मलाही आवरेना. दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहून हसलो, रखवालदार पाणी घेऊन आला.

बाईंना म्हटलं, महिना झाला की येतो आणि पांढरा करतो. त्या कचरल्या. "मुलं सोडतील असं वाटत नाही. त्यांनी त्याला वर्गात घेतलंय." तिसरीच्या वर्गात नेलं. फळ्याशेजारी चित्रं लावलेली, वीस-पंचवीस, सगळ्यांचे बगळे निळे. ती डबा खाणारी मुलगी उभी राहिली. "काका, बाहेर शेतात पांढरे असतात. आपल्या शाळेचा निळा असतो."

पण माझी चूक आहे ती, अशी सगळ्यांसमोर भिंतीवर कशी ठेवायची?

२१ मार्च, शनिवार

डॉक्टरीण बाईंनी परवानगी दिली. आज भिंतीवर गेलो. दोन महिन्यांनी ब्रश हातात. जवळचं आता चष्म्याशिवाय अंधूक दिसतं, तयार चष्मा लावून काम केलं, तो घामाने घसरतो.

निळ्या बगळ्याला हात लावला नाही. शेजारी चार फुटांवर दुसरा काढला, पांढरा. थेंब एकच टाकला, उस्तादांनी सांगितला तेवढा. उठला एकदम! उन्हात डोळ्यांत जाईल असा. मुलांत दोन तट पडले, कोणाचा बगळा खरा. बाई म्हणाल्या, "आता भांडणं तुम्ही मिटवा." म्हटलं, मला रंग विचारा, भांडणं नको.

पण खरं सांगू का, पांढरा चांगला झालाय, आणि तरी नजर आधी निळ्याकडेच जाते.

२४ मार्च, मंगळवार. सावेडी

दुसऱ्या डोळ्यासाठी तपासणी. आता डाव्याची पाळी, ७ एप्रिल.

डॉक्टरीण बाईंनी आज वेगळंच विचारलं. "उजव्यात आपण लांबचं भिंग बसवलंय. टीव्ही, रस्ता, गाड्या स्वच्छ. डाव्यातही लांबचं बसवू शकतो, मग जवळच्या कामाला चष्मा कायम. किंवा डाव्यात जवळचं बसवू, म्हणजे ब्रशचं काम चष्म्याशिवाय, पण लांबचं त्या डोळ्याने पुसट. सवय व्हायला वेळ लागतो, काहींना होतही नाही. तुम्ही पेंटर आहात म्हणून विचारते. विचार करून सोमवारी फोन करा."

म्हटलं, एकदा बसवलं की?

"एकदा बसवलं की बसवलं."

टीव्हीला मेनू असतो. मागे जाता येतं.

२९ मार्च, रविवार

पाच दिवस सगळ्यांना विचारून झालं. वैशाली म्हणते, "लांबचं, अप्पा. तुम्ही मोटरसायकल चालवता." बरकू नाना म्हणतात, "लांबचंच घ्या. बांधावर कोन हुबा हाय, घरातनं कळाया पायजे." त्यांच्या दृष्टीने डोळा त्यासाठीच असतो. पठारे बाईंनी मागच्या भिंतीचं विचारलंय, जूनमध्ये. बारीक काम आहे, बाराखडी आणि नकाशे. म्हणजे जवळचं.

संध्याकाळी मी टेप काढला. खुर्चीपासून टीव्ही साडेनऊ फूट. डोळ्यापासून ब्रशचं टोक सव्वा फूट. वहीत लिहिलं. सुमन भाकरी थापत होती, तिथूनच म्हणाली, "जेवायला बसल्यावर मी किती लांब असते, तेही मोजा."

चेष्टा वाटली. पण ताटं वाढल्यावर तिने खरंच टेपाचं दुसरं टोक स्वतःच्या नाकाला लावून धरलं. मोजलं. तीन फूट.

"इकडचं पण नाही आणि तिकडचं पण नाही," मी म्हटलं.

"मग विचारा त्यांना. आपल्या पेंटरला तीन फुटांचं मिळतं का."

आधी हसलो. मग चष्मा काढला आणि तसाच बघत राहिलो तिच्याकडे, उजव्याने, मग डाव्याने. "जेवा," म्हणाली, "भाकरी गार होतीय."

उद्या अकरा वाजता फोन करायचाय. तिन्ही आकडे एकाखाली एक लिहून ठेवलेत. पहिलं काय विचारायचं तेवढं अजून ठरायचंय.